हाताच्या टप्प्याबाहेर

दवाखान्यात तिला सगळे पक्कड म्हणत. दवाखाना जनावरांचा. टेबलावरचं कुत्रं कितीही दांडगं असो, डॉक्टरीणबाईंची सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत ते जागचं हलता कामा नये, हे तिचं काम. अंगानं काडी, पण एकदा धरलं की धरलं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, की हिसका द्यायचा नाही. मानेमागे पट्ट्यात मूठ घालायची, पीळ द्यायचा, गुडघे कशाला तरी टेकवायचे आणि जोर पाठीतून आणायचा. आवळणं कुणालाही जमतं, बाई म्हणत, वेळेवर सोडणं जमलं पाहिजे. पाय ढिले पडले की तीन मोजायचे आणि सोडायचं.

घरी मात्र ही पक्कड कुणाला धरत नसे. घरी ती अंतर मोजायची. ओट्यापासून दारापर्यंत किती, पलंगाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किती, गाडीत सीट पूर्ण मागे सरकवली तर किती. नवऱ्याचा हात खांद्यापासून बोटाच्या टोकापर्यंत किती लांब आहे, हे त्याच्या शिंप्याला माहीत नसेल इतकं तिला माहीत होतं. अकरा वर्षांत दुसरं काही नाही तरी एवढं शिक्षण तिचं पक्कं झालं होतं.

नवरा म्हणजे मास्तर. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक आणि मुख्य शिक्षक. शिकाऊ माणसानं गाडी थेट भिंतीवर घातली तरी त्याचा आवाज चढायचा नाही. "हरकत नाही, परत करू," एवढंच म्हणायचा आणि आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबायचा. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं गाडी शिकवली होती आणि ते निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांना सांगत, काय देवमाणूस आहे. देवमाणसानं एकदा चमचा जागेवर सापडला नाही म्हणून तिची बोटं ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर बंद केला होता. दोनदा. दुसऱ्यांदा सावकाश. तेव्हाही आवाज चढला नव्हता.

ती एकदा निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी मास्तर आला, चार लोकांदेखत हसला, "रुसून आलीये," म्हणाला आणि तिचं कोपर धरून घेऊन गेला. त्या रात्री तिच्या दोन बरगड्या मोडल्या. नणंदेला सांगितलं तर नणंद म्हणाली, "काहीतरीच तुझं. आमचा भाऊ मुंगी मारत नाही." शेजारणीला सांगितलं तर शेजारीण म्हणाली, "अगं, माझ्या मुलाला त्यांनी किती मायेनं शिकवलं." एवढ्या वर्षांत कुणी काही पाहिलं नव्हतं. मास्तर दार लावल्याशिवाय हात उचलत नसे.

म्हणून स्कूलला वीस वर्षं झाली आणि जुन्या विद्यार्थ्यांनी मास्तरला आणि बायकोला छोट्या विमानाच्या सफरीचं पाकीट दिलं, तेव्हा पक्कडच्या डोक्यात जे आलं ते अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पाकिटात विमानाचा फोटो होता. आत पुढे दोन सीटा, मागे दोन, पट्टे, कानाला लावायचे हेडफोन. ती तो फोटो आठवडाभर पाहत होती. विमानात दार लावून घेता येत नाही. पट्ट्यानं बांधलेला माणूस उठत नाही. पुढच्या सीटवरच्या माणसाचा हात पुढे पोचतो, बाजूला पोचतो, पण थेट मागे पोचत नाही. आणि तिथे तिसरा माणूस असतो, त्याच्या कानात प्रत्येक शब्द पडतो. मास्तरकडे गाडी न शिकलेला माणूस शोधायचा, तर या गावात बहुधा आकाशातच जावं लागलं असतं.

तिनं आदल्या दिवशी कपड्यांची बॅग दवाखान्याच्या वरच्या खोलीत नेऊन ठेवली. एवढंच करायचं होतं : वर गेल्यावर, तिसऱ्या माणसासमोर, आपण सोडून चाललो हे एकदा बोलून टाकायचं. म्हणजे पुन्हा "रुसून आलीये" म्हणायची सोय राहणार नाही. निदान एक माणूस तरी सांगू शकेल की मी ऐकलंय.

तळावर सगळं एका पत्र्याच्या शेडमध्ये होतं. कॅप्टन साठीचा, पाठीत किंचित वाकलेला, बोलघेवडा माणूस. त्यानं दोघांना काट्यावर उभं केलं. मास्तर चौऱ्याण्णव, ती बावन्न. "साहेब पुढे माझ्या शेजारी," कॅप्टन म्हणाला. "बाई मागे, कुठल्याही बाजूला."

"मी यांच्या मागे बसते," ती म्हणाली.

"लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सावली सोडत नाही बघा," कॅप्टन मास्तरकडे पाहून हसला. मास्तरही हसला. कॅप्टननं त्याच्या गळ्यात एक जुनी दुर्बीण अडकवली, चामड्याच्या पट्ट्याची, चांगली वजनदार. मास्तरनं आपल्या जॅकेटची चेन खाली ओढून ती छातीवर नीट बसवली.

पक्कड मागे चढली, पट्टा लावला, मान वर केली. कॅप्टनसमोर जसं अर्ध्या चाकाचं स्टिअरिंग होतं, तसंच एक मास्तरसमोरही होतं. फोटोत ते दिसत नव्हतं, फोटो मागून काढला होता. जिच्या नवऱ्याच्या गाडीत दोन ब्रेक, दोन क्लच, तिला हे सुचायला नको होतं का? पण तिनं सगळा हिशोब स्वतःच्या अंगाचा केला होता. मास्तरचा हात आपल्यापर्यंत पोचतो का, एवढंच बघायची तिला सवय. तो दुसऱ्या कशापर्यंत पोचला तर काय, हा विचार अकरा वर्षांत करायची वेळच आली नव्हती.

"हे दोघांना?" मास्तरनं विचारलं.

"नियमानं काढून ठेवायचं असतं, पुढे प्रवासी असला की," कॅप्टन म्हणाला. "पण त्याची खीळ अडकून बसलीये दोन आठवडे. तुम्ही नुसता हात लावू नका म्हणजे झालं."

"मी पण विद्यार्थ्यांना हेच सांगतो," मास्तर म्हणाला.

विमान धावलं, उचललं गेलं, आणि गाव बघता बघता लहान झालं. तिला वाटलं, आज नको. गप्प बसावं, खाली उतरावं. पण बॅग दवाखान्यात होती. संध्याकाळी मास्तर कपाट उघडणार, आणि मग बोलायलाही मिळणार नाही.

कॅप्टन दाखवत होता. ही नदी, हे धरण, ती पाण्यानं भरलेली जुनी दगडाची खाण. मास्तर दुर्बीण लावून "वा, वा" करत होता. खाणीचं पाणी हिरवंगार होतं आणि कडेला पांढरे कापलेले कडे. तिनं तोंडासमोरचा माईक जवळ ओढला.

"मला एक सांगायचंय. कॅप्टनसाहेब, तुम्हीही ऐका. मी आज घरी जाणार नाही. उद्याही नाही. मी यांना सोडलंय. हे मला मारतात."

कॅप्टनच्या मानेवर लाली चढली. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यावर माणूस बघतो, तसा तो समोर बघत राहिला.

मास्तरनं दुर्बीण खाली सोडली. "असं," तो म्हणाला. मग कॅप्टनला अगदी सहज विचारलं, "हे पुढे रेटलं की नाक खाली जातं ना?"

"साहेब, हात..." कॅप्टन म्हणेपर्यंत मास्तरनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग पुढे ढकललं.

समोरच्या काचेतून आकाश गेलं आणि शेतं आली. कॅप्टन आपलं स्टिअरिंग मागे ओढत होता, दात आवळून, पण चौऱ्याण्णव किलोच्या पुढे त्याची म्हातारी पाठ काय पुरणार होती. इंजिनाचा आवाज चढत चढत किंकाळीसारखा झाला.

"हरकत नाही," मास्तरचा आवाज तिच्या कानात आला, वर्गात येतो तसाच. "परत करू. घरी येणार?"

"साहेब, मरू आपण सगळे," कॅप्टन ओरडला.

"मी तुम्हाला नाही विचारलं. घरी येणार?"

"येते," ती म्हणाली. "येते, येते, सोडा."

त्यानं हात उचलले. विमान कण्हत सरळ झालं, तिचं डोकं छातीवर दाबलं गेलं आणि मग सगळं पुन्हा जागेवर आलं. कॅप्टन धापा टाकत होता. त्याचा एक हात रेडिओच्या बटणाकडे गेला.

मास्तरनं त्याच्याकडे न बघता कोपर मागे घेतलं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज तिला हेडफोनमधून स्वच्छ ऐकू आला. दुसरा तडाखा कानावर बसला, तिसरा पुन्हा नाकावर. रक्त काचेवर, समोरच्या तबकड्यांवर, मास्तरच्या बाहीवर उडालं. कॅप्टनची मान दाराच्या बाजूला कलंडली. अकरा वर्षांत मास्तरला दुसऱ्या कुणावर हात टाकताना ती पहिल्यांदाच बघत होती, आणि तिला आधी काय वाटलं असेल तर आश्चर्य. म्हणजे हे असं दिसतं, तिला वाटलं. बाहेरून हे असं दिसतं.

"तू खोटं बोललीस," मास्तर म्हणाला. "तुझं खोटं मला मागून ऐकलं तरी कळतं. कपडे कुठे ठेवलेस?" आणि त्यानं स्टिअरिंग पुन्हा रेटलं.

या वेळी ओढायला कुणी नव्हतं. खाणीचं हिरवं पाणी समोरच्या काचेत आलं आणि मोठं होत गेलं.

तिनं पट्टा सोडला आणि पुढे झेपावली. जिथे त्याचा हात पोचतो तिथे आपणहून जायची तिच्या आयुष्यातली ही पहिली खेप. विमान इतकं खाली झुकलं होतं की ती जवळजवळ त्याच्या सीटवर आदळली. त्याच्या मानेमागे दुर्बिणीचा चामड्याचा पट्टा होता. तिनं त्यात उजवी मूठ घातली आणि पीळ दिला. एक पीळ, दुसरा. गुडघे सीटच्या पाठीला टेकवले. हिसका दिला नाही. जोर पाठीतून आणला.

मास्तरचे हात स्टिअरिंगवरून उडाले आणि गळ्याशी गेले. त्याची नखं चामड्याखाली शिरायला बघत होती आणि स्वतःचंच कातडं सोलत होती. मग हात मागे आले. तिच्या मनगटाचं मांस त्यानं ओरबाडून काढलं, करंगळी सापडली ती मागे वाकवली, आणि ती कडकन मोडली. तिनं तिसरा पीळ दिला. दवाखान्यात याहून वाईट चावे सोसले होते तिनं.

"कॅप्टन," ती ओरडली. "उठा. ओढा."

कॅप्टन उठला म्हणण्यापेक्षा त्याचे हात उठले. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी स्टिअरिंग शोधलं आणि ओढलं. विमानाचा सांगाडा करकरला. खाणीचा पांढरा कडा खिडकीतून इतक्या जवळून गेला की त्यावरच्या छिन्नीच्या रेघा दिसल्या. मग झाडांचे शेंडे, मग आकाश.

मास्तरचे पाय समोरच्या पत्र्यावर दोनतीनदा थाडथाड आपटले आणि ढिले पडले.

एक, तिनं मोजलं. दोन. तीन.

चार.

तिला त्याला मारायचं होतं. इतकं स्वच्छ तिला आजवर कधी काही कळलं नव्हतं. पाच. ड्रॉवर सावकाश बंद होताना तिनं असंच मोजलं होतं.

"ताई, सोडा," कॅप्टन रक्त थुंकत म्हणाला. "सोडा, गेला तो शुद्धीवरून."

सहा, सात. आणि तिनं सोडलं. दया आली म्हणून नाही. आजवर सगळं त्याच्याच मर्जीनं झालं होतं. आता आपल्याला खुनी करून जायचं, हेही त्यानंच ठरवावं, हे तिला पटलं नाही.

त्याची छाती वर उचलली गेली आणि शिट्टी वाजल्यासारखा श्वास आत गेला. तिनं मूठ पट्ट्यात तशीच ठेवली, नुसता पीळ उलगडला.

परतीला वीस मिनिटं लागली. मास्तर बेशुद्ध होता तेवढ्यात कॅप्टन बोलला, तिच्याकडे न बघता. "ते स्टिअरिंग मी काढायला हवं होतं. खाली विचारतील." ती मास्तरची छाती वरखाली होताना बघत होती. "माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत," तो म्हणाला. तो असं का सांगतोय ते तिला तेव्हा कळलं नाही. तिला वाटलं, माणूस घाबरलाय.

मास्तर शुद्धीवर आला. आधी खोकला, मग त्याचा हात हलला.

"हात मांडीवर ठेव," ती म्हणाली. कुत्र्याशी बोलते त्याच आवाजात. नवऱ्याला अरेतुरे तिनं कधी केलं नव्हतं.

त्यानं हात मांडीवर ठेवले. "घरी चल," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "एकदा घरी चल. सगळी हाडं शिल्लक राहणार नाहीत तुझी." हे कॅप्टनच्याही कानात पडलं. त्याचे खांदे आक्रसलेले तिला मागून दिसले.

तळावर विमान टेकलं तेव्हा शेडसमोर रुग्णवाहिका आणि पोलिसांची गाडी उभी होती. रेडिओवर उत्तर मिळेना म्हणून खालच्या लोकांनीच बोलावली होती. गाडीतून एक तरुण फौजदार बाई उतरली आणि विमानाच्या दाराशी येऊन थबकली.

"मास्तर? तुम्ही?"

मास्तर उतरत होता. त्यानं दुर्बीण काढून सीटवर ठेवली होती आणि जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. तो हसला. "तुझं रिव्हर्स सुधारलं का गं?" आवाज बसलेला, पण आपुलकी शाबूत. "काही नाही, झटके बसले जरा. कॅप्टनसाहेबांना जोरात लागलं, त्यांना बघा आधी. हिचं बोट दुखावलंय. घाबरलीये बिचारी."

फौजदार बाई कॅप्टनकडे वळली. कॅप्टन पंखाला टेकून उभा होता, नाकावर रुमाल. पक्कडनं त्याच्याकडे पाहिलं. यानं ऐकलं होतं. यानं पाहिलं होतं. याचं स्वतःचं नाक मोडलं होतं. एवढ्यासाठी तर ती आकाशात गेली होती.

कॅप्टनची नजर विमानाच्या पुढच्या उजव्या सीटकडे गेली, तिथल्या स्टिअरिंगकडे, आणि मग जमिनीकडे.

"हवा खराब होती," तो म्हणाला. "खाणीवर असं होतं कधीकधी. एकदम खाली गेलो. डोकं आपटलं माझं."

"पट्टे लावले होते ना सगळ्यांनी?" फौजदार बाईनं विचारलं.

"हो, हो."

पक्कडला ओरडावंसं वाटलं नाही. मास्तर तिच्याकडे आला आणि त्यानं तिचं कोपर धरलं, अंगठा नेमका हाडाच्या सांध्यात रोवून. "चल," तो म्हणाला. "घरी जाऊन शेकू." फौजदार बाई वही मिटत होती. रुग्णवाहिकेतला माणूस कॅप्टनला स्ट्रेचरवर बसवत होता. गेटपर्यंत फार तर शंभर पावलं, गेटाबाहेर मास्तरची गाडी, गाडीला दारं.

ती वळली, मास्तरच्या अगदी समोर, छातीला छाती लागेल इतकी जवळ. मोडक्या करंगळीचा हात उचलून तिनं त्याच्या जॅकेटची चेन पकडली आणि पोटापर्यंत खाली ओढली.

गळ्याभोवती चामड्याच्या रुंदीचा जांभळा वळ होता, वर-खाली नखांचे ओरखडे, आणि एका बाजूला कातडी सुटून रक्त गोठलेलं.

"हवेनं असं होत नाही," ती म्हणाली. "हे मी केलंय. मी यांचा गळा आवळला. बेशुद्ध पडल्यावरसुद्धा सात मोजेपर्यंत सोडलं नाही. मला यांना मारायचं होतं."

फौजदार बाईनं वही पुन्हा उघडली. तिचा चेहरा पडला होता.

"नाही गं, तसं काही नाही," मास्तर घाईनं म्हणाला. त्याच्या आवाजातली आपुलकी पहिल्यांदा ढिली पडली. "पट्टा अडकला झटक्यात. डोकं फिरलंय तिचं. माझी काही तक्रार नाही. मी घेऊन जातो हिला घरी."

"यांच्या नखांत माझं कातडं आहे," पक्कड म्हणाली. "यांचं स्वतःचंही. तपासून घ्या. दुर्बीण आत सीटवर आहे, तिचा पट्टाही बघा. आणि यांच्या डाव्या बाहीवर कॅप्टनसाहेबांचं रक्त आहे. मला नेतच आहात, तर त्यांनाही विचारा ते तिथं कसं आलं."

स्ट्रेचरवर बसलेल्या कॅप्टननं रुमाल तोंडावर ओढून घेतला.

"बाई," फौजदार हळू आवाजात म्हणाली, "हे असं बोललात तर गुन्हा तुमच्यावर लागेल. खुनाच्या प्रयत्नाचा. तुम्हाला आज कोठडीत बसावं लागेल. कळतंय ना?"

"कोठडीला कुलूप बाहेरून असतं ना? आणि किल्ली पोलिसांकडेच?"

"हो."

"मग लिहा," ती म्हणाली, आणि मास्तरच्या अंगठ्याखालून आपलं कोपर काढून घेऊन ती पोलिसांच्या गाडीत जाऊन बसली.